मापटेभर करवंदे, ग्रॅममध्ये

१९७४ सालच्या मे महिन्यात आमच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतली कृती वाचून उंब्रजच्या एका महिला मंडळाने करवंदाचा मुरंबा केला. तो आंबला. तीस बाटल्या होत्या. सगळ्यांवर फेस आला आणि काहींची झाकणे आपोआप वर उचलली गेली. त्यांतल्या दोन बाटल्या घेऊन मंडळाच्या दोघी जणी एसटीने सांगलीला आमच्या कार्यालयात आल्या.

मी तेव्हा त्या दैनिकात उपसंपादक होतो. बाहेरून येणारा हाताने लिहिलेला मजकूर, ज्याला आम्ही कॉपी म्हणायचो, तो वाचणे, कापणे, दुरुस्त करणे आणि मथळा देऊन खाली छापखान्यात पाठवणे हे उपसंपादकाचे काम. पुरवणीचे शेवटचे पान माझ्याकडे होते. त्या पानावर उन्हाळाभर ‘साठवण’ नावाचे सदर चालू होते.

दोघींपैकी मोठ्या होत्या तानूबाई, मंडळाच्या अध्यक्षा. दुसरी त्यांची सून विमल. तिचा नवरा लष्करात होता. मंडळात पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे काम तिच्याकडे होते.

तानूबाईंनी एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

“ह्ये कुनी छापलं?”

“काय झालं?”

“उघडून बघा की. पर जरा लांबनं.”

झाकण सैल करताच फस्स असा आवाज झाला आणि पाक काठावरून वर आला. खोलीत आंबूस वास पसरला. पलीकडच्या टेबलावरच्या वार्ताहराने खिडकी उघडली.

“मी म्हनत हुते साखर कमी पडतीया,” तानूबाई म्हणाल्या. “पाक धरंना. पर ही म्हनली, आत्ती, पेपरात आलंय.”

“मग दुसरं काय म्हनू?” विमल म्हणाली. “छापल्यालं चुकीचं असंल असं कुनाला वाटतंय?”

मुरंबा घरी खाण्यासाठी नव्हता. कराडच्या एका वसतिगृहाच्या खानावळीला वर्षभर मुरंबा आणि लोणची पुरवायची बोलणी चालली होती. मंडळाचे ते पहिलेच मोठे काम ठरणार होते. खानावळीचे मॅनेजर येत्या रविवारी नमुना बघायला यायचे होते. स्वस्त साखर त्या काळात रेशन कार्डावर मिळे; खुल्या बाजारातली परवडत नसे. मंडळातल्या घराघरातून ती थोडी थोडी गोळा केलेली होती.

“आता साखर किती शिल्लक आहे?” मी विचारले.

“येक पातेलं हुईल येवढी,” तानूबाई म्हणाल्या. “लोकांच्या घरात च्या बिनसाखरंचा चाललाय. ह्ये बी नासलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा न्हाई.”

मी फाइलमधून मूळ कॉपी काढली. ‘साठवण’ हे सदर सुलोचनाबाई चौगुले लिहीत. त्या कराडच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत. कॉपीत लिहिले होते: ‘कच्ची करवंदे एक मापटे, साखर एक मापटे. करवंदांचे देठ व बिया काढून घ्याव्यात.’ पुरवणीत छापले होते: ‘कच्ची करवंदे साडेचारशे ग्रॅम, साखर साडेचारशे ग्रॅम.’ पुढचा मजकूर जसाच्या तसा होता.

मापटे हे धान्य मोजायचे भांडे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, असा तो जुना हिशेब. भांड्यात किती मावते हे त्यात मोजले जाते, वजन नव्हे. कायद्याने किलो आणि ग्रॅम येऊन बरीच वर्षे झाली होती, पण घरात आणि आठवड्याच्या बाजारात मापटे आणि चिपटे चालूच होते. दैनिकाचे धोरण मात्र ठरलेले होते. पानात जुने माप आले की त्याचे ग्रॅम करायचे. त्यासाठी आमच्या खोलीच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. त्यात मापट्यासमोर साडेचारशे ग्रॅम लिहिले होते.

तक्ता वरिष्ठ उपसंपादक गोडबोले यांनी केला होता. कार्यालयात त्यांची ख्याती अचूकपणाबद्दल होती. बाजारभावाच्या पानात एका पैशाची चूक राहिली तरी ते छापखान्याचे यंत्र थांबवत. त्यांनी बाटली पाहिली, कॉपी पाहिली आणि तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले.

“तक्ता बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी स्वतः तोलून केलाय.”

“काय तोललं व्हतं?” तानूबाईंनी विचारले.

“ज्वारी.”

“मग ज्वारीचा मुरंबा करायचा व्हता व्हय आमी?”

गोडबोले हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

प्रकरण संपादकांकडे गेले. त्यांनी बाटलीचा वास घेतला आणि झाकण घट्ट लावले.

“बाईंनी काय लिहिलं होतं?”

“मापटं.”

“आपण काय छापलं?”

“ग्रॅम.”

“म्हणजे चूक बाईंची नाही. खुलासा काय द्यायचा?”

मी सुचवले की ग्रॅम काढून पुन्हा मापटे छापावे.

“सांगलीत, मिरजेत किती घरांत मापटं आहे?” संपादक म्हणाले. “बरोबर आकडा किती?”

आकडा कोणाकडेच नव्हता.

“तो आधी काढा. आकडा मिळेपर्यंत खुलासा जाणार नाही. एका चुकीवर दुसरी छापायची नाही.”

कराडला निरोप पाठवायचा साधा मार्ग म्हणजे पेपरचे गठ्ठे. ते रोज पहाटे एसटीने जात. कराडच्या एजंटाच्या नावाने चिठ्ठी गठ्ठ्यात बांधली. सुलोचनाबाईंनी लगेच यावे आणि येताना करवंदे आणावीत, एवढाच मजकूर होता. तानूबाई आणि विमल माधवनगरला गेल्या. तिथे तानूबाईंचा भाऊ कापड गिरणीत होता. रात्रीचा मुक्काम त्यांनी त्याच्याकडे केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलोचनाबाई आल्या. उंच, सडसडीत, पन्नाशीच्या आसपास. हातात करवंदांची टोपली आणि काखेत पितळी मापटे. करवंदे पाटणच्या डोंगरातली होती, सकाळीच कराडच्या बाजारात घेतलेली. त्यांनी आधी आंबलेली बाटली उघडून पाहिली. मग माधवनगरहून परत आलेल्या तानूबाईंना विचारले, “किती बाटल्या गेल्या?”

“समद्या.”

सुलोचनाबाईंनी बाटलीचे झाकण लावले. सदरावर नाव त्यांचे छापले जात होते. उंब्रजच्या बाजारात दोन दिवस त्याच नावाने बोलणे चालले होते. ते त्यांना कराडमध्ये एसटीत चढतानाच कळले होते.

“आता बरोबर ग्रॅम किती ते सांगा,” गोडबोले म्हणाले.

“मला माहीत नाही. मी आजवर करवंदं तोललेली नाहीत, मापानंच घेतली. आज तोलू. तराजू कुठं आहे?”

तराजू खाली नेमगोंडा यांच्या किराणा दुकानात होता. त्यांनी तो वर पाठवायला नकार दिला. गिऱ्हाईक सोडून तराजू हलत नाही, असे ते म्हणाले. त्यामुळे आम्ही सगळे खाली गेलो. सामान घ्यायला आलेली चार-पाच माणसे बाजूला झाली, पण गेली नाहीत.

सुलोचनाबाईंनी मापटे गोडबोले यांच्या हातात दिले.

“तुम्ही भरा.”

गोडबोले यांनी मापटे करवंदांनी काठापर्यंत भरले. तळहाताने वरून सपाट केले. दोन करवंदे काठावर डोकावत होती, ती उचलून टोपलीत टाकली. वजन झाले दोनशे नव्वद ग्रॅम.

तानूबाई बघत होत्या.

“ह्ये माप झालं? बाजारात असं माप दिलं तर बाया टोपली डोस्क्यात घालत्याल.”

“तुम्ही कसं देता?” सुलोचनाबाईंनी विचारले.

तानूबाई खाली बसल्या. मापटे भरून काठाला आल्यावर त्यांनी डावा हात काठाभोवती धरला आणि उजव्या हाताने वर करवंदे रचायला सुरुवात केली. ढीग चढत गेला. शेवटी वर ठेवलेले करवंद घरंगळून खाली पडले, तेव्हा त्या थांबल्या. काठाच्या वर चढलेल्या या ढिगाला शीग म्हणतात. आमच्या भागात बोरे, जांभळे, करवंदे अशी सगळी मापावर विकली जाणारी फळे शिगेनेच दिली जातात. ते कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. वजन झाले तीनशे साठ ग्रॅम.

“पुन्हा भरा,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“आवं बाई, माप त्येच हाय की.”

“माप तेच आहे. शीग तीच चढते का बघते.”

तानूबाईंनी पुन्हा भरले. मग विमलने भरले. मग नेमगोंडा यांच्या गिऱ्हाइकांतल्या एका बाईंनी स्वतःहून पुढे येऊन भरले. सुलोचनाबाईंनी टोपलीतली लहान करवंदे वेगळी काढली आणि तीही भरायला लावली. आकडा दहा-वीस ग्रॅमने खाली-वर झाला, तीनशे साठच्या फार लांब गेला नाही. त्यांनी प्रत्येक वेळी तराजूचा काटा स्वतः वाकून पाहिला.

“तुम्ही दुकान काढणार काय, बाई?” नेमगोंडा म्हणाले. “माझं वजन एवढं कुणी तपासलं नाही.”

“तुमचं नाही, माझं तपासते. आता साखर मापटंभर द्या. शिगेनं.”

“शिगेनं?” नेमगोंडा यांनी हात जोडले. “साखरेला शीग दिली तर उद्या हे दुकान माझं राहील काय?”

त्यांनी मापटे साखरेने भरले आणि काठावरून बोट फिरवले. जास्तीची साखर पोत्यात परत पडली. वजन झाले चारशे वीस ग्रॅम.

इथपर्यंत उलगडा झाला तो असा. सुलोचनाबाईंच्या कॉपीत दोन्ही ठिकाणी एकच मापटे होते. पण करवंदांचे मापटे शिगेचे आणि साखरेचे बोट फिरवलेले. हे त्यांनी लिहिले नव्हते, कारण या भागात ते लिहायचे कोणाला सुचत नाही. आमच्या तक्त्यात दोन्हींना ज्वारीचे वजन लागले आणि दोन्ही सारखी झाली.

गोडबोले हिशेब करत होते.

“तीनशे साठला चारशे वीस. म्हणजे करवंदांपेक्षा सहावा हिस्सा साखर जास्त हवी. तो सहावा हिस्सा आपण खाल्ला.” त्यांनी मान वर केली. “खुलासा तयार आहे.”

“थांबा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “एवढ्यानं मुरंबा पातळ होईल. असा फसफसणार नाही. अजून काहीतरी आहे.”

“काय असेल?”

“ते केलं त्यांना विचारते.” त्या विमलकडे वळल्या. “पहिल्यापासून सांग. करवंदं आणलीस. मग?”

“आनली. निवडली. मिठाच्या पान्यात टाकून चीक काढला. देठं काढली, चिरली, बिया काढल्या. मग तोलली.”

“बिया काढून तोललीस?”

“मग काय बियांसकट तोलायची? बिया मुरंब्यात घालायच्या हायत्या व्हय?”

गिऱ्हाइकांत हशा पिकला. सुलोचनाबाई हसल्या नाहीत.

“तिचं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “हसू नका. तिचं अगदी बरोबर आहे.”

त्यांनी ते सगळ्यांना समजावून सांगितले. मापटे भरले जाते बाजारात, विकणारीच्या टोपलीपाशी. त्यात देठ, बिया, सगळे येते. त्यानंतर घरी ते पुन्हा कोणी मोजत नाही. एक मापटे म्हणजे बाजारातून आणलेले एक मापटे. पण ग्रॅम लिहिले की बाई तराजू घेते स्वयंपाकघरात, आणि पातेल्यात जे पडणार तेच तोलते. आकडा बदलला की मोजायची जागाही बदलते. ते कृतीत सांगायला हवे होते.

“मग आता साफ करून तोला,” नेमगोंडा म्हणाले. एव्हाना त्यांनी गल्ल्यावर मुलाला बसवले होते आणि स्वतः बाहेर आले होते.

दुकानाच्या पायरीवर तिघी बसल्या. नेमगोंडा यांनी सुऱ्या दिल्या आणि चीक हाताला चिकटू नये म्हणून तळहातावर गोडे तेल दिले. शिगेने भरलेली ती मापटेभर करवंदे देठ आणि बिया काढून साफ झाली. विमल धुऊन तोलायला निघाली, तेव्हा सुलोचनाबाईंनी तिला थांबवले.

“पाणी तोलायचं नाही.”

करवंदे पंचावर पसरली. निथळून कोरडी झाल्यावर तोलली. वजन झाले दोनशे सत्तर ग्रॅम.

आता कोणाला काही सांगावे लागले नाही. मूळ कृतीत दोनशे सत्तर ग्रॅम फळाला चारशे वीस ग्रॅम साखर पडत होती, म्हणजे दीडपटीहून थोडी जास्त. छापील कृतीप्रमाणे उंब्रजला साडेचारशे ग्रॅम फळाला साडेचारशे ग्रॅम पडली. मुरंबा टिकतो तो साखरेवर. उन्हाळ्यात तिसरा हिस्सा साखर कमी पडल्यावर त्याने टिकायचे काही कारण नव्हते.

“तरी मी म्हनत हुते,” तानूबाई म्हणाल्या.

“आत्ती, तुमी पाक बघून म्हनत हुता. मी पेपर बघून म्हनत हुते,” विमल म्हणाली. “आता दोघी तराजू बघून म्हनू.”

गोडबोले यांनी विचारले, “मग फळांना लावायचा आकडा कोणता धरायचा? तीनशे साठ?”

“करवंदांना. जांभळांना नाही. जांभळात बी केवढी असते ते बघा. कैरीच्या किसाचं तर वेगळंच. वाटीत अलगद भरला तर एक वजन आणि दाबून भरला तर दुसरं.”

“मग तक्ता कसा करणार?”

“एकेक फळ तोलून. दुसरा उपाय मला दिसत नाही. आणि करवंदांसाठी आकडाच छापू नका. साफ केलेल्या, कोरड्या करवंदांच्या वजनाच्या दीडपट साखर, एवढंच छापा. मग कुणाचं माप कसंही असो.”

संध्याकाळच्या एसटीने दोघी उंब्रजला गेल्या. टोपलीत उरलेली करवंदे सुलोचनाबाईंनी त्यांच्याबरोबर दिली. स्वतः त्या कराडला उतरायच्या होत्या. उतरल्या नाहीत. तशाच पुढे उंब्रजला गेल्या आणि मुरंबा होईपर्यंत राहिल्या. हे मला नंतर विमलने सांगितले. पातेले चुलीवर असताना त्यांनी एकदाही पळी हातात घेतली नाही. पाक कधी झाला ते तानूबाईंनी ठरवायचे, असे त्यांनी आधीच सांगितले होते.

खुलासा गोडबोले यांनी लिहिला. आमच्याकडे खुलासा शेवटच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात छापायची पद्धत होती. संपादकांनी कॉपीवर शेरा मारला: ज्या जागी कृती, त्याच जागी खुलासा, त्याच अक्षरात. मजकूर असा होता: ‘करवंदाच्या मुरंब्याच्या कृतीत छापलेले वजन चुकीचे होते. लेखिकेने दिलेले माप बरोबर होते. मापाचे ग्रॅम करताना चूक आमच्या कार्यालयात झाली. देठ व बिया काढून, निथळून कोरड्या केलेल्या करवंदांच्या वजनाच्या दीडपट साखर घ्यावी.’ प्रूफ आले तेव्हा पान भरण्यासाठी दोन ओळी कमी करा, असे छापखान्यातून सांगण्यात आले. गोडबोले यांनी शेजारची जाहिरात लहान करायला लावली. खुलाशाची एकही ओळ कापली नाही.

त्याच आठवड्यात भिंतीवरच्या तक्त्यावर त्यांनी लाल शाईने ‘फक्त धान्यासाठी’ असे लिहिले. त्याखाली एक कोरा कागद चिकटवला. पुढच्या दोन हंगामांत तो भरत गेला. सुलोचनाबाई कराडहून फळाचे नाव, शिगेचे वजन, साफ केल्यावरचे वजन असे एकेक पोस्टकार्डावर कळवत. गोडबोले ते नेमगोंडा यांच्या तराजूवर पुन्हा तोलून पाहत आणि मगच कागदावर उतरवत. आकडा जुळला नाही तर कार्ड परत जाई. सुलोचनाबाई पुन्हा तोलून पाठवत. दोनदा गोडबोले यांची चूक निघाली, एकदा बाईंची. तिन्ही वेळा दोघांनी ते एकमेकांना लेखी कळवले.

मुरंबा झाल्यानंतरच्या रविवारी ठरल्याप्रमाणे खानावळीचे मॅनेजर उंब्रजला आले होते. आधीचा मुरंबा नासल्याचे त्यांच्या कानावर गेलेले होते. त्यांनी मुरंबा चाखला, चांगला आहे म्हणाले आणि होकार दिला नाही.

“आज कुणाचाही चांगलाच लागंल,” ते म्हणाले. “दोन बाटल्या द्या. माझ्या स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूच्या फळीवर ठेवतो. पोरं जूनमध्ये येतील तवा उघडू. फेस दिसला तर पुन्हा विचारू नका.”

“ठेवा,” तानूबाई म्हणाल्या. “चुलीवर ठेवली तरी चालंल.”

जूनमध्ये वसतिगृह सुरू झाले. मी कराडच्या वार्ताहराला जाऊन पाहायला सांगितले होते. त्याचा निरोप गठ्ठ्याच्या परतीच्या चिठ्ठीत आला. मॅनेजरनी त्याच्यासमोर बाटली उघडली. आवाज झाला नाही. फेस नव्हता. पाक चमच्याला धरत होता. वर्षभराचा मुरंबा उंब्रजच्या मंडळाकडून घ्यायचे मॅनेजरनी त्याच दिवशी कळवले.

चिठ्ठीत एकाच बाटलीचा उल्लेख होता. दुसरीची तपासणी झाली का, असे मी उलट टपाली विचारले. वार्ताहराचे उत्तर आले. दुसरी बाटली तपासता आली नाही. फळीवर ठेवल्याच्या आठवड्यातच ती स्वयंपाक्यांनी संपवली होती.